नाइटिंगेलबाई आणि रुग्णाचे मुके सोबती



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची म्हणजे तीत एका तरी थोर स्त्रीचे चरित्र असायचे, असा आता रिवाजच पडून गेला आहे. यंदा ते काम संपादक-समितीने माझ्या गळ्यात घातले. मी काही लेखिका नव्हे. तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली, तापाचे तक्ते भरले, औषधांच्या नोंदी ठेवल्या, एवढाच काय तो माझा लेखणीशी संबंध. परंतु ज्या बाईंमुळे आमच्या पेशाला समाजात मान मिळाला, त्यांच्याविषयी लिहा म्हटल्यावर मला नाही म्हणवेना.

आणखीही एक कारण आहे. गेले दोन महिने आपल्या मंडळात एक वाद चालू आहे, तो सर्वांना ठाऊकच आहे. आपल्या रुग्णसेवा शाखेच्या भगिनी दर गुरुवारी ज्या वृद्धाश्रमात जातात, तेथे एक शिकवून तयार केलेला कुत्रा त्याच्या मालकिणीसह महिन्यातून एकदा आणावा, अशी सूचना आली आहे. काही भगिनींना ती फार आवडली. काहींना ती मुळीच पसंत नाही. कुत्रा म्हटला की केस आले, लाळ आली, पिसवा आल्या. आजारी माणसाच्या खाटेजवळ ही ब्याद कशाला, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. परिचारिका म्हणून माझे मत विचारले, तेव्हा मी मात्र गप्प बसले. का गप्प बसले, ते या लेखाच्या शेवटी सांगेन. आधी नाइटिंगेलबाईंची हकीकत ऐका. स्वच्छतेसाठी जन्मभर झगडलेली ही बाई प्राण्यांविषयी काय म्हणत होती, हे कळले म्हणजे वादाला थोडी दिशा मिळेल, अशी आशा आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईवडील इंग्रज, पण त्या वेळी प्रवासात होते. ज्या गावी मूल जन्माला आले त्या गावाचेच नाव त्यांनी मुलीला ठेवले. थोरली बहीण नेपल्सला जन्मली होती, तिला त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून पार्थेनोपी म्हणत. घर सधन. डर्बीशायरमध्ये ली हर्स्ट आणि हॅम्पशायरमध्ये एम्बली अशी दोन मोठी घरे. वडील विद्याव्यासंगी होते. त्यांनी दोन्ही मुलींना स्वतः लॅटिन, ग्रीक, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण गोडी होती. इतर मुली भरतकाम करीत तेव्हा ही पोरगी आकड्यांचे तक्ते मांडीत बसे.

तिच्या लहानपणची एक गोष्ट तिच्या चरित्रकारांनी आवर्जून सांगितली आहे. फ्लॉरेन्स तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. घराच्या आसपासच्या कुरणांत रॉजर नावाचा एक म्हातारा मेंढपाळ मेंढ्या राखीत असे. कॅप नावाचा कुत्रा हाच त्याचा मदतनीस. एके दिवशी फ्लॉरेन्स गावच्या धर्मोपदेशकांबरोबर तट्टावर बसून चालली असता तिला दिसले, की मेंढ्या सैरावैरा पांगल्या आहेत आणि म्हातारा एकटाच धापा टाकीत त्यांच्यामागे धावतो आहे. चौकशी करता कळले, की पोरांनी दगड मारून कॅपचा पाय जायबंदी केला होता. पाय मोडला, आता कुत्रा कामाचा राहिला नाही, आणि निकामी कुत्र्याला पोसण्याची ऐपत नाही, म्हणून म्हातारा त्या संध्याकाळी त्याला फास लावून मारणार होता. हे सांगताना त्याचा जीव तुटत होता.

फ्लॉरेन्स आणि धर्मोपदेशक थेट त्याच्या झोपडीत गेले. पाय तपासला तर हाड मोडलेले नव्हते, नुसता जबर मुका मार होता. गरम पाण्याच्या कापडाने शेकले म्हणजे सूज उतरेल, असे त्यांनी सांगितले. मुलीने चूल पेटवली, पाणी तापवले, फ्लॅनेलच्या घड्या केल्या आणि कुत्र्याचा पाय शेकत बसली. कॅप बरा झाला आणि पुन्हा मेंढ्या राखू लागला. म्हातारा फास टाकून परत कामाला लागला.

भगिनींनो, या गोष्टीत कुत्रा रुग्ण आहे आणि माणूस परिचारिका. पण मला ती वाचताना नेहमी वाटते, की फ्लॉरेन्सने त्या दिवशी एका कुत्र्याचीच शुश्रूषा केली असे नव्हे. त्या कुत्र्यावाचून ज्याचे कोणी नव्हते, त्या म्हाताऱ्याचीही केली. माणसाचा जीव कशात गुंतलेला असतो, हे ओळखणे हे परिचारिकेचे पहिले काम. ते तिला त्या वयात साधले होते.

१८३७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या सतराव्या वर्षात, आपल्याला ईश्वराने सेवेसाठी बोलावले आहे, अशी तिच्या मनाची खात्री झाली. पण सेवा कोणती, हे उमगायला आणखी काही वर्षे गेली. उमगले तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी इंग्लंडात इस्पितळातील दाई म्हणजे अडाणी, बहुधा व्यसनी बाई, असा समज होता. १८४५ साली फ्लॉरेन्सने सालिसबरीच्या रुग्णालयात शिकायला जाण्याची परवानगी मागितली. आईने आकांत केला, बहिणीला मूर्च्छा येऊ लागल्या, वडील नाराज झाले. बेत मोडला. आपल्याकडील मुलींनी परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे म्हटले की घरोघर जे रामायण घडत असे, तेच हे. माझ्याही घरी घडले होते. फ्लॉरेन्सने चांगले सांगून आलेले स्थळही १८४९ साली नाकारले आणि पहाटे उठून, मेणबत्तीच्या उजेडात, इस्पितळांचे अहवाल वाचण्याचा क्रम चालू ठेवला.

त्याच सुमारास घरच्यांच्या ओळखीच्या एका दांपत्याबरोबर ती इजिप्त आणि ग्रीस पाहायला गेली. १८५० च्या जून महिन्यात अथेन्समध्ये पार्थेनॉनच्या भग्न देवळापाशी काही पोरे घरट्यातून पडलेल्या एका पिलाला छळत असलेली तिने पाहिली. ते पिलू घुबडाच्या धाकट्या जातीचे, आपण ज्याला पिंगळा म्हणतो त्याच्याच कुळातले होते. आपल्याकडे घुबड घरात आले तर सुवासिनी पाणी ओतून मोकळ्या होतील! पण ग्रीकांच्या विद्यादेवीचे, अथेनाचे, ते वाहन. फ्लॉरेन्सने ते पिलू सोडवले, अथेना हेच नाव त्याला दिले, आणि हाताने भरवून माणसाळवले. पुढे ते तिच्या झग्याच्या खिशात बसून हिंडत असे.

याच प्रवासातून परतताना ती जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी कायझरस्वेर्थ येथे उतरली. तेथे फ्लीडनर नावाच्या धर्मोपदेशकांनी १८३६ साली रुग्णालय आणि सेविकांचे विद्यालय काढले होते. पुढल्या वर्षी, १८५१ साली, घरच्यांचा विरोध पत्करून ती तेथे तीन महिने शिकली. १८५३ साली लंडनमधील आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची ती अधीक्षक झाली. वडिलांनी अखेर मन मोठे करून तिला वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक बांधून दिली.

यापुढे मी तिला नाइटिंगेलबाई म्हणणार. एकेरी नावाने हाक मारण्याचे दिवस येथे संपले.

१८५४ साली क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी इंग्रज शिपायांचे स्कुतारीच्या इस्पितळात कसे हाल होत आहेत, याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही. त्यांनी बाईंना परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती केली. त्या निघण्याच्या गडबडीत घरच्यांनी त्या पिंगळ्याला माळ्यावर ठेवले आणि तेथे तो मरून गेला. एवढ्या मोठ्या मोहिमेवर निघालेली ही खंबीर बाई त्या मूठभर पाखरासाठी रडली. त्याचे शरीर तिने पेंढा भरून टिकवायला दिले. आज लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारातील नाइटिंगेल संग्रहालयात तो पिंगळा पाहावयास मिळतो.

३८ परिचारिकांसह बाई ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुतारीस पोचल्या. इस्पितळ म्हणजे तुर्कांची जुनी बराक. खाली तुंबलेली गटारे, जमिनीवर ओळीने निजवलेले शिपाई, अंगावर उवा, पांघरुणे नाहीत, धुलाईची सोय नाही. बाईंनी आधी फरशी घासण्याचे ब्रश मागवले. जवळच एक घर भाड्याने घेऊन तेथे मोठे हंडे बसवले आणि शिपायांच्या बायकांना कपडे धुण्याच्या कामाला लावले. आजाऱ्याला सोसेल असे पेज-सूप रांधण्याची वेगळी व्यवस्था केली. रात्री हातात दिवा घेऊन त्या खाटांमधून फिरत, म्हणून दिवेवाली बाई हे नाव त्यांना पडले.

पण नुसत्या मायेने माणसे वाचत नाहीत, हेही स्कुतारीनेच शिकवले. त्या हिवाळ्यात घाव लागून मेलेल्यांपेक्षा हगवण, पटकी आणि ताप यांनी मेलेले कितीतरी अधिक होते. १८५५ च्या फेब्रुवारीत दर शंभर रुग्णांमागे सुमारे बेचाळीस दगावत होते. मार्चमध्ये आरोग्य-आयोगाची माणसे आली. त्यांना पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा सापडला. त्यांनी गटारे धुऊन काढली, खिडक्या मोकळ्या केल्या, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत शंभरी दोनवर प्रमाण आले. पुढे मायदेशी परतल्यावर हे आकडे बाईंनी जुळवून पाहिले, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर गेलेली बहुतेक माणसे घाणीमुळे गेली, हे त्यांना लख्ख दिसले. तो सल त्यांनी जन्मभर बाळगला. रंगीत वर्तुळाकार आकृत्या काढून त्यांनी ही गोष्ट सरकारला पटवली. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र-मंडळाने त्यांना आपली पहिली स्त्री-सभासद करून घेतले.

मधल्या काळात, १८५५ च्या मे महिन्यात, बाई स्वतःच तापाने पडल्या. बालाक्लावा येथे त्या मरणाच्या दारातून परत आल्या. त्या दुखण्यातून उठत असता बहीण पार्थेनोपी हिने घरून एक हस्तलिखित पाठवले. त्यात त्या पिंगळ्याचे चरित्र चित्रांसह लिहिले होते. ज्या बहिणीने एकेकाळी आकांत मांडला होता, तिलाच कळले की आजारी फ्लॉरेन्सला औषधाहून काय गोड लागेल! १८५६ च्या ऑगस्टमध्ये बाई कोणाला न कळवता घरी परतल्या. त्यांच्या मागोमाग क्रिमियाहून आश्रयाला आलेल्यांत एक पाय गमावलेला पोरगा होता, एक अनाथ रशियन मुलगा होता, आणि एक कुत्र्याचे पिलूही होते.

आता मी मुद्द्याच्या गोष्टीकडे येते. बाईंचे रुग्णशुश्रूषेवरचे छोटे पुस्तक १८६० च्या आरंभी लोकांच्या हाती पडले. ते त्यांनी शिकलेल्या परिचारिकांसाठी लिहिले नव्हते. घरी आजाऱ्याचे करणाऱ्या साध्या बायकांसाठी, म्हणजे तुम्हांआम्हांसाठी, लिहिले होते. त्यात मोकळी हवा, उजेड, अंथरूण, आहार, हात धुणे, धूळ ओल्या फडक्याने पुसणे यांवर किती बारकाईने लिहिले आहे, म्हणून सांगू! आजाऱ्याच्या दाराबाहेर कुजबुजू नये, एकाच भिंतीकडे दिवसचे दिवस पाहून त्याचे मन शिणते, डोळ्यांपुढे फूल असावे, असेही त्या सांगतात.

आणि याच पुस्तकात, भेटायला येणाऱ्यांच्या पोकळ धीराचा आणि फुकटच्या सल्ल्यांचा समाचार घेतल्यावर, त्या प्राण्यांविषयी लिहितात. लहानसा पाळीव प्राणी हा आजाऱ्याचा, विशेषतः दीर्घ मुदतीच्या आजाऱ्याचा, उत्तम सोबती ठरतो, असे त्यांचे मत आहे. वर्षानुवर्षे एकाच खोलीत अडकलेल्या माणसाला पिंजऱ्यातील पाखरू हाच कधी कधी एकुलता आनंद असतो. त्याला दाणापाणी देणे, पिंजरा साफ करणे त्या माणसाला स्वतः जमत असेल तर ते त्याला अवश्य करू द्यावे, असे त्या बजावतात. खाली एक टीप आहे, ती वाचून मी हसले आणि मग ओशाळले. एका आजाऱ्याची सेवा परिचारिकेनेही केली आणि कुत्र्यानेही केली. त्याला विचारले तर त्याने कुत्र्यालाच झुकते माप दिले. आणि कारण काय, तर कुत्रा बोलत नाही! आपण गुरुवारी जाऊन केवढी बडबड करतो, ते मला आठवले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शिकवलेले कुत्रे इस्पितळाच्या वॉर्डात नेण्याची प्रथा नाइटिंगेलबाईंनी घातली, असे कुणी म्हणेल तर ते खरे नव्हे. त्या बोलल्या त्या घरगुती प्राण्याविषयी, घरच्या आजाऱ्यासाठी. त्या वेळी पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लसही नव्हती. ती पाश्चरने माणसावर प्रथम वापरली १८८५ साली. रोगजंतूंचा सिद्धांतही बाईंना फार उशिरा पटला. दूषित हवेने रोग होतात, असेच त्या पुष्कळ काळ मानीत. तेव्हा त्यांचे पुस्तक वेदवाक्य मानू नये. पण ज्या बाईने गटारापायी हजारो माणसे मरताना पाहिली, जिच्याइतकी स्वच्छतेची चाड क्वचितच कुणाला असेल, तिलाही आजाऱ्याच्या खाटेपाशी एका मुक्या जिवाची जागा हवीशी वाटली, ही गोष्ट मला मोठी वाटते.

पुस्तक निघाले त्याच वर्षी, १८६० साली, लोकांनी वर्गणी करून जमवलेल्या निधीतून सेंट थॉमस रुग्णालयात बाईंनी परिचारिकांचे विद्यालय काढले. आजच्या आपल्या पेशाचा पाया तेथे घातला गेला. मात्र बाई स्वतः तोपर्यंत आजारी पडल्या होत्या. क्रिमियातील तापाने त्यांची पाठ सोडली नाही. कित्येक वर्षे त्या बिछान्यावरून उठू शकत नसत. खोलीत बसूनच त्यांनी हजारो पत्रे लिहिली, अहवाल तयार केले, मंत्र्यांना भेटीला बोलावले.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध याच खोलीतून जडला. हिंदुस्थानात त्या कधीही आल्या नाहीत. पण येथील फौजेच्या आरोग्याच्या चौकशीसाठी १८५९ साली आयोग नेमला गेला, त्याच्या कामाचा मोठा भार त्यांनी वाहिला. १८६३ साली अहवाल निघाला, तेव्हा गोऱ्या फौजेत वर्षाला दर हजारी ६९ मृत्यू होत असल्याचे जगापुढे आले. पुढे त्यांचे लक्ष शिपायांवरून खेड्यांतील रयतेकडे वळले. १८९० च्या आसपास पुण्याच्या सार्वजनिक सभेशी ग्रामस्वच्छतेबाबत त्यांचा पत्रव्यवहार होता. बालविवाहाविरुद्ध झटणारे मुंबईचे बेहरामजी मलबारी यांच्या दयाराम गिदुमलकृत चरित्राला १८९२ साली त्यांनी प्रस्तावना लिहिली.

एवढा व्याप सांभाळणाऱ्या या आजारी बाईच्या खोलीत सोबतीला कोण, तर मांजरे! एक गेले की दुसरे, अशी कितीतरी त्यांनी पाळली. एका बोक्याचे नाव तर मिस्टर बिस्मार्क! त्यांच्या काही पत्रांवर शाईत भरलेल्या मांजराच्या पावलांचे ठसे आहेत. दीर्घ आजाऱ्याचा सोबती कोण, हे बाईंनी पुस्तकात लिहिले आणि पुढे पन्नास वर्षे स्वतः अनुभवले. १९०७ साली त्यांना ब्रिटिश राजाकडून ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. राजेरजवाड्यांच्या शेजारी पुरण्याचा मान आप्तांनी त्यांच्या इच्छेप्रमाणे नाकारला. हॅम्पशायरमधील एका लहान गावच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे आणि तिच्यावर नावाची नुसती आद्याक्षरे व जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

त्यांच्या मागे हा विचार निरनिराळ्या लोकांनी पुढे नेला. बोरिस लेव्हिन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांकडे एक अबोल मुलगा आला होता. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत होता, त्याच्याशी तो मुलगा रमला. त्यावरून कुत्रा हा उपचारातील साहाय्यक होऊ शकतो, असे त्यांनी १९६२ साली लिहून प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत १९७६ साली आणि ब्रिटनमध्ये १९८३ साली असे कुत्रे रुग्णालयांत नेणाऱ्या स्वयंसेवी संस्था निघाल्या. आपल्याकडे मुंबई-पुण्यातही असे काम करणारी मंडळी आहेत.

या कुत्र्यांची तयारी कशी असते, ते मी मुद्दाम माहिती करून घेतले. आंधळ्याला वाट दाखवणारा कुत्रा वेगळा. तो एकाच धन्याचा असतो. हा मात्र परक्या माणसांना भेटायला जाणारा. म्हणून पहिली पारख स्वभावाची. भांडे पडले, चाकाची खुर्ची अंगावरून गेली, कुणी शेपूट ओढली, तरी जो बिचकत नाही आणि गुरकावत नाही, तोच निवडतात. बस म्हटले की बसणे, जमिनीवर पडलेली गोळी तोंडात न घालणे, कुणाच्या अंगावर न उडणे, हे त्याला शिकवतात. लशी वेळच्या वेळी, जंताचे औषध, भेटीआधी आंघोळ, नखे कापलेली. त्याची दोरी सदैव शिकलेल्या माणसाच्या हाती. भेटीआधी आणि भेटीनंतर प्रत्येकाने हात धुवायचे. उघड्या जखमा असलेल्या, प्रतिकारशक्ती खालावलेल्या, केसांचा त्रास होणाऱ्या किंवा कुत्र्याला भिणाऱ्या माणसापाशी त्याला न्यायचे नाही. कुत्रा दमला की भेट संपली. आणि कुत्रा हे औषध नव्हे. त्याने रोग बरा होत नाही. घटकाभर भीती हलकी होते, एकटेपणा विसरतो, अवघडलेला हात कुरवाळण्यासाठी उचलला जातो, एवढेच. पण ते एवढेच किती मोठे असते!

आता मी त्या दिवशी गप्प का बसले, ते सांगते.

नोकरीला लागून मला दोन-तीन वर्षे झाली होती. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. माझ्या वॉर्डात पायाला मोठी जखम झालेले एक धनगर आजोबा होते. जवळचे असे कुणी भेटायला येत नसे. आले ते त्यांचे कुत्रे. कुठून कसे माग काढीत आले, देव जाणे. फाटकाबाहेर झाडाखाली ते बसून असे. वॉर्डातले मामा त्याला उरलीसुरली भाकरी टाकीत. एके दुपारी ते फाटकातून शिरले आणि थेट आजोबांच्या खाटेखाली जाऊन बसले. आजोबांचा हात खाली लोंबत होता, तो ते चाटीत होते. मी खराटा घेऊन धावले आणि त्याला हाकून बाहेर काढले. वर आजोबांनाही चार शब्द सुनावले. आजोबा काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोन दिवस जेवले नाहीत. कुत्रे पुन्हा दिसले नाही. आजोबांची जखम पुढे भरली, ते चालत घरी गेले. पण जाताना, सिस्टर, येतो, असे जे प्रत्येक रुग्ण म्हणतो, ते त्यांनी मला म्हटले नाही.

भगिनींनो, न धुतलेले, लस न टोचलेले कुत्रे जखमेच्या माणसापाशी बसू दिले नाही, यात माझे चुकले नव्हते. आजही मी त्याला हाकूनच काढीन. पण त्या आजोबांना चाकाच्या खुर्चीत बसवून, जखम झाकून, पाच मिनिटे फाटकापाशी नेणे मला सुचले नाही. हात साबणाने धुतले असते म्हणजे झाले असते. नियम मी पाळला. रुग्ण मात्र माझ्या ध्यानी राहिला नाही. मेंढपाळ रॉजर आणि कॅप यांची गोष्ट मी पुष्कळ वर्षांनी वाचली, तेव्हा एकदम ते आजोबा समोर उभे राहिले, आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

म्हणून सभेत माझी जीभ उचलेना. जे भगिनी स्वच्छतेचा आग्रह धरतात त्या बरोबर आहेत, आणि ज्यांना त्या वृद्धांचे एकटेपण दिसते त्याही बरोबर आहेत. नाइटिंगेलबाईंच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदताना दिसतात. हातात ब्रश घेणारी बाई आणि खिशात पाखरू घेऊन हिंडणारी बाई एकच. आपण दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री पाहून हात जोडतो. स्वर्गाच्या दारी कुत्र्याला सोडून आत जायला नकार देणाऱ्या धर्मराजाची कथा नातवंडांना सांगतो. तेव्हा प्रश्न कुत्र्याच्या विटाळाचा नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे.

माझी सूचना इतकीच आहे. वृद्धाश्रमाच्या डॉक्टरांना आधी विचारावे. कुत्र्याच्या लशींचे कागद पाहावेत. प्रत्येक आजी-आजोबांना वेगळे विचारून, ज्यांना हवे त्यांनाच ओसरीवर आणावे. ज्यांना नको त्यांच्या खोलीची वाट त्याने धरू नये. साबण-पाण्याची जबाबदारी मी स्वतः घेते. आणि कुत्रा आजाऱ्याच्या पायाशी बसलेला असेल, तेव्हा आपण सर्व भगिनींनी थोडा वेळ न बोलता बसावे. वार्षिक सभेत काय ठरेल ते ठरो. तो निर्णय मी आनंदाने मानीन.

दर वर्षी १२ मे रोजी, नाइटिंगेलबाईंच्या जन्मदिवशी, जगभर परिचारिका-दिन पाळतात. त्या दिवशी मी देवापुढे एक निरांजन अधिक लावते. ते बाईंसाठी असते, आणि खरे सांगायचे तर थोडेसे त्या धनगर आजोबांसाठी आणि फाटकाबाहेरच्या त्यांच्या सोबत्यासाठीही असते.